मागचा डबा की पूर्ण लाइन?

गाडीचा एक्झॉस्ट बदलायचा विचार करणाऱ्यांपुढे शेवटी दोनच वाटा उरतात. एक, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, थोडक्यात कॅट) मागची पूर्ण लाइन बदलायची, म्हणजे कॅट-बॅक. दुसरी, मधली पाइप आणि रेझोनेटर (आवाजाची घुमणी मारणारा मधला डबा) कंपनीचाच ठेवून फक्त मागचा सायलेन्सर, म्हणजे आपल्याकडे ज्याला डबा म्हणतात तो, मोकळ्या बनावटीचा घालायचा. कॅटच काढून टाकायची तिसरी वाटही कोणीतरी सुचवतंच. बीएस-6 गाडीत कॅटमागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच चुगली करतो, डॅशवर पिवळा दिवा येतो आणि पीयूसीला तोंड दाखवता येत नाही. ती वाट मी तरी सोडून दिली.

माझी गाडी 1.2 लिटर, चार सिलिंडर, टर्बो पेट्रोल. बिनटर्बोची असेल तर खरं सांगू का, आवाजाशिवाय फारसं काही हाती लागत नाही. तेच पैसे टायरवर घाला. टर्बोला मात्र एक्झॉस्टच्या धुराची मागची कोंडी कमी झाली की बरं वाटतं. मी आधी 304 ग्रेडच्या स्टेनलेसची सव्वादोन इंची तयार कॅट-बॅक घेतली आणि आठ महिने चालवली. नंतर ती उतरवून अक्कलकोट रोडला एका फिटरकडून डबा करून घेतला. म्हणजे दोन्हींवर पैसे घालवलेत.

ताकदीत कॅट-बॅक पुढे, यात वाद नाही. माझ्याकडे डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राचा, कागद नाही. माझं मोजमाप म्हणजे तुळजापूरचा घाट. घरचे चौघे आणि डिकी भरलेली असताना ज्या वळणावर मला नेहमी दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथे कॅट-बॅकवर गाडी तिसऱ्यातच निघाली. आता फक्त डब्यावर ती तिथे थोडी कुरकुरते, पण निघते. निम्मा फरक मनाचाही असेल. तीन हजार आरपीएमच्या वर पाय दाबला की कॅट-बॅकचा आवाज असा भरून यायचा, की विजापूर रोडला उगाचच एक फेरी जास्त व्हायची.

मग उतरवली का? सोलापूर-पुणे रस्त्यामुळे.

पाचव्यात नव्वदला माझं इंजिन मिनिटाला 2,400 फेऱ्यांच्या आसपास फिरतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला 80. या 80 हर्ट्‌झच्या आवाजाच्या लहरीची अर्धी लांबी सुमारे दोन मीटर भरते, आणि डॅशपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतरही जवळपास तेवढंच. त्यामुळे अख्खी केबिन पिंपासारखी घुमते. यातली गंमत अशी, की अशी घुमणी दोन टोकांना जास्त असते आणि मधे कमी. चालवणारा मधे बसलेला. त्याला वाटतं, काय छान आवाज आहे. मागे बसलेल्याचं डोकं भणभणतं.

मला हे कळायला मोहोळ लागलं. आई मागे बसली होती. तिने विचारलं, "काचेत भुंगा अडकलाय का रे?" मी हसलो. टेंभुर्णीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि माझी आई गाडीत गप्प बसणाऱ्यातली नाही. भिगवणला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "येताना मी एसटीने येते." परत येताना मी स्वतः मागे बसलो, मेहुण्याला चालवायला दिलं. इंदापूर यायच्या आत कानात दडे बसले. ऐंशीला चाललो तर घुमणी थांबते, शंभरला गेलो तरी थांबते. नेमकी नव्वदला गाठते, आणि त्या रस्त्यावर माझा पाय नव्वदवरच ठरतो.

कंपनीचा मधला रेझोनेटर याच आवाजाचा बंदोबस्त करायला असतो. कॅट-बॅकमध्ये तो एकतर नसतो, नाहीतर नावापुरता असतो. नुसता डबा बदलला की तो जागेवर राहतो, म्हणून हायवेला गाडी पूर्वीसारखी शांत आणि पाय दाबला की थोडी खर्जात बोलते. प्रत्येक गाडीत असंच होईल असं मी म्हणत नाही. लांब डिकीच्या सेडानमध्ये कदाचित इतका त्रास होणार नाही.

डबा करून घेणार असाल तर फिटरला दोन गोष्टी सांगा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची, आणि जोड फ्लॅंज-बोल्टचा करायचा, म्हणजे जुना डबा कधीही परत बसतो. स्टेनलेस म्हणून जे देतील त्याला चुंबक लावून बघा. 304 ला तो धड चिकटत नाही. माझा फिटर जुन्या वळणाचा. त्याने डब्याच्या तळाला बारीक भोक पाडलं. "मालक, तुमचं रोजचं जाणं जुळे सोलापूर ते एमआयडीसी. डबा तापायच्या आत गाडी बंद. आत पाणी साचतं, डबा आतून सडतो." कॅट-बॅकवाल्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

कायद्याच्या नजरेत दोन्ही सारखेच नाजूक. 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या मर्यादेचा भंग झाला तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, कैदेचीही तरतूद आणि तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. म्हणून जुना डबा भंगारात देऊ नका. डब्यावर मला सात रस्त्याच्या सिग्नलला अजून कोणी वळून बघितलेलं नाही. कॅट-बॅक असताना बघायचे, आणि तेव्हा मला ते आवडायचं.

ती लाइन सध्या माळ्यावर आहे. मेहुण्याचा तिच्यावर डोळा आहे. गाडी त्याचीही तीच. त्याला म्हटलं, परत लावून देतो, पण या वेळी तू मागे बस आणि मोहोळपर्यंत चल.