रिंग की सिमेंट: नडगीतली पोकळी भरताना

उघडं फ्रॅक्चर, मग पू, मग मेलेलं हाड काढलं आणि आता एक्स-रेत मधे नुसती पोकळी. या टप्प्यावर जे अडकलेत त्यांच्यासाठी हे. मी डॉक्टर नाही. माझ्या नडगीत 6 सेंटीमीटरची पोकळी होती, एवढाच माझा अधिकार. मेलेलं हाड आधी नीट साफ झालं नसेल, तर रिंग आणि सिमेंट, दोन्ही पद्धती फुकट.

रिंग, म्हणजे सायबेरियातल्या कुर्गानचे सर्जन इलिझारोव्ह यांची पद्धत: पायाभोवती बाहेरून धातूच्या रिंगा, त्या हाडात घातलेल्या पिनांनी धरलेल्या. निरोगी भागात हाड कापून तो तुकडा रोज 1 मिलिमीटर सरकवायचा, तोही नट फिरवून चार वेळा पाव-पाव. मागे नवं हाड धरत जातं. पाय टेकता येतो, आखूड झालेला पाय लांबही करता येतो. पिनांभोवतीचं पाणी, रोजचं ड्रेसिंग, शिवण उसवून नाड्या लावलेली पँट, हे सगळं मी सोसलं असतं.

माझं मन फिरलं ते शेजारच्या खाटेवरच्या काकांमुळे. त्यांचा तुकडा नेमाने सरकत मुक्कामी पोचला, पण पलीकडच्या टोकाशी सांधेचना. डॉक्टर म्हणाले, "टोकं खरवडून कमरेचं हाड भरू." काका म्हणाले, "मग इतके महिने मी पाना कशाला फिरवला?" सगळ्यांचं असं होत नाही, पण हा प्रकार विरळाही नाही.

कमरेचं हाड शेवटी लागणारच असेल, तर आधीच देऊ म्हटलं. फ्रेंच सर्जन मास्कले यांच्या पद्धतीत पोकळीत अँटिबायोटिक घातलेलं बोन सिमेंट बसवतात. 6 ते 8 आठवड्यांत त्याभोवती पातळ पडदा धरतो. मग सिमेंट काढून त्या पडद्याच्या पिशवीत कमरेतून काढलेल्या हाडाचा चुरा भरतात. मला हे मानवलं. कंबर मात्र नडगीपेक्षा जास्त दुखली, शिंकलं तरी कळ यायची. आणि पायावर वजन टाकायची परवानगी फार उशिरा मिळाली. पू उलटला तर साफसफाई आणि नवं सिमेंट, म्हणजे परत पहिल्यापासून.

पोकळी फार मोठी असेल, तर कमरेतून पुरेसं हाड निघत नाही. पाय आखूड किंवा वाकडा असेल, तर रिंगच बरी असावी. नाहीतर मी सिमेंटकडे झुकेन. रिंगच ठरली, तर टोकं सांधली नाहीत तर पुढे काय, हे सर्जनना आधीच विचारा. आणि तंबाखू आजच सोडा, हाड धरायला ती फार आडवी येते.