चकमकीची रायफल आणि जानेवारीचं रान: हंगामभर वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात .50 कॅलिबरची (अर्धा इंच व्यासाच्या नळीची), हॉकेन या जुन्या अमेरिकन रायफलीच्या धाटणीची चकमकीची रायफल, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार पेटणारी, घेतली आणि पेनसिल्व्हेनियातला हरणांचा उशिराचा हंगाम संपेपर्यंत तीच वापरली. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या बंदुकीने शिकारीचा विचार करत असेल, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी हंगामाबद्दल बोलतो, कारण ही बंदूक घ्यायचं खरं कारण तोच आहे. पेनसिल्व्हेनियात 1974 पासून चकमकीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन तो जानेवारीत जातो. इतर बऱ्याच राज्यांत ठासणीच्या हंगामाला दुर्बीण लावलेल्या, प्रायमरवर (ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीवर) चालणाऱ्या आधुनिक रायफली चालतात. इथे या काळात ठासणीची बंदूक न्यायची तर ती चकमकीचीच. थँक्सगिव्हिंगनंतरच्या साध्या रायफलीच्या हंगामात रानात जत्रा भरलेली असते, ती डिसेंबरअखेर पूर्ण ओसरते. राज्याची शिकारीसाठी राखलेली सुमारे 15 लाख एकर जमीन तशीच असते, माणसं मात्र फार थोडी.

हरणंही तोवर बदललेली असतात. नोव्हेंबरच्या माजात नरांचं वजन बरंच उतरतं, काहींची शिंगं गळायला लागलेली असतात, आणि सगळ्यांचं लक्ष खाण्यावर आणि ऊब टिकवण्यावर. दुपारी ती दक्षिणेकडच्या उतारावर ऊन खात बसतात. वारा सुटला की हेमलॉकच्या गर्द झाडीत किंवा माउंटन लॉरेलच्या जाळीत शिरतात. ताजा बर्फ पडला की रात्रभरात कोण कुठून आलं, कुठे चरलं, कुठे बसलं, सगळं पायाखाली वाचता येतं. नोव्हेंबरमध्ये मी झाडाखाली बसून वाट बघायचो. जानेवारीत मागावर चालतो. मला ही शिकार कितीतरी पटीने जास्त आवडते.

आता बंदूक. 28 इंची अष्टकोनी नळी, त्यामुळे तोंडाकडे जड आणि दिवसभर चढ-उतार केला की खांद्याला जाणवणारी. पण नेम धरताना तेच वजन कामाला येतं, नळी हलत नाही. मी 80 ग्रेन (सुमारे 5 ग्रॅम) बंदुकीची दारू भरतो, वर तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी गजाने ठासतो. पन्नास यार्डांवर गोळ्या चहाच्या बशीच्या आत पडतात. पाऊणशे यार्डांपुढे मी चाप ओढत नाही. गोल गोळीचा जोर फार लवकर ओसरतो.

दारू खरी काळीच हवी. पर्यायी पावडरी चकमकीच्या ठिणगीवर भरवशाने पेटत नाहीत, हे उन्हाळ्यातच कळलं. काळी दारू दुकानात सहसा मिळत नाही आणि मागवायला वेगळं शुल्क पडतं, तेव्हा एकदाच पुरेशी घ्यावी. गारगोटीत कंजुषी नको. यंत्राने कापलेल्या अ‍ॅगेटपेक्षा हाताने फोडलेली इंग्लिश गारगोटी जास्त ठिणग्या देते. ती चामड्याच्या तुकड्यात घट्ट आवळून बसवायची.

नव्या माणसाला सगळ्यात जड जातं ते चाप ओढल्यानंतरचं. घोडा पडतो, रंजक (बाजूच्या वाटीतली, बार पेटवणारी बारीक दारू) डोळ्यासमोर भडकते आणि मग बार होतो. मध्ये जो किंचित वेळ जातो, त्यात मान हलली की नेम गेला. यावर एकच इलाज, गोळी न भरता घरी सराव. मी लाकडाचा तुकडा गारगोटीच्या जागी लावून रोज संध्याकाळी करायचो.

ओला बर्फ हा या बंदुकीचा खरा शत्रू. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. एका भुरभुर पडणाऱ्या दुपारी झाकण उघडून पाहिलं, तर रंजकाच्या कोरड्या दाण्यांच्या जागी राखाडी चिखलाचा थर. बोटाने काढला, वाटी कोरड्या फडक्याने पुसली, बारीक तारेने नळीचं छिद्र मोकळं केलं, नवी रंजक घातली, झाकण लावलं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. तेव्हापासून लॉकवर, म्हणजे घोडा आणि वाटीच्या यंत्रणेवर, मेण चोळलेल्या चामड्याची झूल असते आणि ती बगलेत धरून चालतो. हे ज्याला कटकट वाटेल, त्याने ही बंदूक घेऊ नये. मला त्यातच मजा येते, कारण हातात एकच बार आहे हे दिवसभर लक्षात राहतं.

तो बार मी जानेवारीत एका मादीवर टाकला. लॉरेलच्या कडेला ती आडवी उभी होती, चाळीस यार्डांच्या आत. बार झाला आणि पुढे नुसता पांढरा धूर. थंड, स्तब्ध हवेत तो विरता विरत नाही. आधी पुन्हा ठासून घेतली आणि मगच पुढे गेलो. बर्फावरच्या रक्तामुळे माग काढणं सोपं गेलं. ती जवळच पडली होती. या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून पाठीचा भाग जास्त शिजवू नका आणि मांडीचं सुकं करा. राज्यात 2012 पासून हरणांमधला सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, मेंदूचा जीवघेणा रोग) आढळतो, तेव्हा आपल्या भागाचे नियम पाहून डोकं तपासणीला द्या.

घरी आल्यावर बंदूक थेट उबेत आणायची नाही, दव धरतं. बार काढलेला असेल, तर त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल लावायचं. सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्याला इलाज नाही. सकाळपर्यंत ठेवली तर गंज धरलाच.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर ती जवळजवळ पूर्ण बंद आहे. कोकणात काही घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, पण तिचं काम वेगळं. इथे पेनसिल्व्हेनियात शिकारीचा पहिला परवाना काढण्याआधी शिकारीचा प्रशिक्षणवर्ग करावा लागतो. व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्याचे संघराज्याचे आणि राज्याचे नियम आधी नीट तपासा. घ्यायचीच असेल तर जूनमध्ये घ्या. डिसेंबरात घेतलेल्या चकमकीवर हात बसायला वेळच उरत नाही.