बोर्ड बदलला म्हणून पैसे घेतले, बदलली मात्र डिस्क

लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी हे वाचा. रत्नागिरी-देवगडकडे आंब्याचा किंवा राहण्या-जेवणाचा धंदा करणाऱ्यांनी तर नक्कीच वाचा. हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते, बँकेचे कागद असं सगळं आपण एकाच मशीनमध्ये ठेवतो, आणि ऐन हंगामात ते बंद पडलं की दुकानदार सांगेल तो भाव देतो. आपल्याला थांबायला वेळ नाही हे त्यालाही पक्कं ठाऊक असतं.

आमचा हापूसच्या पेट्या घरपोच पाठवायचा व्यवसाय आहे. एप्रिलच्या मध्यावर बुकिंग भरात असताना लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली. पंखा फिरत होता, कीबोर्डचा दिवा लागत होता, पण समोर काही दिसेना. मिस्टरांनी तो बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानात नेऊन दिला. संध्याकाळी मला व्हॉट्सॲपवर निरोप आला: "वहिनी, मदरबोर्ड गेलाय. खाऱ्या हवेने सगळ्यांचेच जातात. नवीन टाकायला लागेल. ११,५०० होतील, विंडोजचे १,५०० वेगळे." मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड. डेटाचं विचारलं, तर "डेटा नाही राहणार" एवढंच उत्तर. बिल मागितलं, तर जीएसटी लागेल म्हणून टाळाटाळ. १३,००० रुपये यूपीआयने घेतले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. हंगाम आम्ही वहीवर आणि फोनवर काढला.

जूनमध्ये पाऊस लागला आणि स्क्रीन पुन्हा काळी. लक्षणं तंतोतंत तीच. या वेळी शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या एका मुलाकडे गेलो. गल्लीतल्या एका गाळ्यात तो टीव्ही, इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. "ताई, इथेच बसा, तुमच्यासमोरच उघडतो," म्हणाला. मागचे स्क्रू काढले, रॅमची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, पट्टी बाहेर काढली आणि तिची सोनेरी कड मला दाखवली. तिच्यावर काळपट, मळकट थर चढला होता. त्याने ती कड शाळेतल्या साध्या खोडरबराने अलगद घासली, क्लीनरने पुसली, स्लॉटमध्ये ब्रश फिरवला आणि पट्टी परत बसवली. लॅपटॉप चालू झाला. पंखा फिरतोय पण स्क्रीन येत नाही, असं असेल तर आधी रॅम काढून साफ करायची, हे या कामातलं पहिलं पाऊल आहे, असं तो म्हणाला. समुद्राच्या हवेतलं मीठ आणि ओल अशा कडांवर बसते, विजेचा संपर्क तुटतो आणि मशीन मेल्यासारखं दिसतं. म्हणजे खाऱ्या हवेची गोष्ट खरीच होती. त्या दुकानदाराने खरं कारण सांगून त्यावर खोटं काम चढवलं, आणि म्हणूनच ते आम्हाला पटलं.

मी त्याला म्हटलं, बोर्ड तर नवीन आहे ना? त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. डाव्या बाजूच्या एका यूएसबी पोर्टातली जीभ पहिल्या वर्षापासूनच वाकलेली आहे, मुलाने पेन ड्राइव्ह उलटा घुसवला होता. ती अजूनही तशीच वाकडी होती. आमच्या मॉडेलमध्ये तो पोर्ट थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो, हे त्याने उघड्या मशीनवर बोट ठेवून दाखवलं. नवीन बोर्ड आला असता तर पोर्टही नवीन आला असता. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच साठवलेल्या प्रोग्राममध्ये, दिसणारा सिरीयल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबरही एकच निघाला. बोर्डाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

खरा धक्का पुढे बसला. "ताई, यात २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची डिस्क, आहे. तुमची मुळात केवढी होती?" आमच्या खरेदीच्या बिलावर ५१२ जीबी छापलेलं आहे. त्याने डिस्कची तब्येत दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात डिस्क आजवर किती तास चालली हे दिसतं. आकडा १९ हजारांच्या वर होता. आमचा लॅपटॉप तेव्हा दीड वर्षाचा. दीड वर्ष रात्रंदिवस चालू ठेवला तरी तेरा हजारांच्या आसपासच तास होतात. म्हणजे ती डिस्क आमची नव्हतीच, दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमध्ये झिजून आलेली होती. "डेटा राहणार नाही" या वाक्याचा अर्थ तेव्हा कळला.

विंडोजचे पैसेही फुकट गेले होते. लॅपटॉपबरोबर येणाऱ्या विंडोजची किल्ली, म्हणजे परवान्याचा कोड, बायोसमध्येच नोंदलेली असते. तीच आवृत्ती परत टाकली की इंटरनेट मिळताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. टाकण्याची मजुरी घ्या, हरकत नाही. पण आमच्या मशीनमध्ये चोरीची आवृत्ती टाकून तिचे १,५०० रुपये लावले होते. या सगळ्या कामाचे त्या मुलाने ३५० रुपये घेतले, आणि पावती दिली.

आम्ही मूळ बिल, स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपचे निरोप घेऊन त्या मोठ्या दुकानात गेलो. आधी "तुमचीच डिस्क होती ती वहिनी." तासांचा आकडा दाखवल्यावर "पोऱ्याने चुकून बदलली असेल." मग गल्ल्यातून चार हजार काढून "विषय मिटवूया." मी पैसे घेतले नाहीत, मला माझी डिस्क हवी होती. ती भंगारात गेली, असं सांगण्यात आलं. आता तीवर काय काय होतं ते पाहा. शेकडो गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन. सासऱ्यांचं आधार आणि पॅन. सातबाऱ्याच्या प्रती, बँकेची स्टेटमेंट, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. १३ हजारांपेक्षा मला याची भीती जास्त वाटते. त्याच रात्री बसून सगळे पासवर्ड बदलले, ईमेलमधून जुनी सगळी लॉगिन बाहेर काढली आणि बँकेला कळवलं.

सगळे दुकानदार असे असतात असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा भावाच्या दुकानातला कॉम्प्युटर गाळात गेला होता. तिथल्या कारागिराने सरळ सांगितलं, बोर्डावर पैसे घालू नका, फक्त डिस्क वाचवू. साफ करून, वाळवून त्याने हिशेब काढून दिला आणि तेवढ्याचेच पैसे घेतले. न जमणारं काम नाही म्हणून सांगणारा माणूस मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. किमतीचं म्हणाल, तर आपल्याकडे सुटा भाग कोल्हापूरहून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतो. त्याला दोन-तीन दिवस लागतात, कुरियर आणि दुकानदाराचा नफा वर चढतो, म्हणून ऑनलाइनपेक्षा थोडा महाग पडतो. ते रास्त आहे, त्यावर घासाघीस करू नये असं माझं मत आहे. पण भाग कुठला, कुठल्या कंपनीचा, नवा की जुना, वॉरंटी किती, हे कागदावर लिहून द्यायला ज्याला जड जातं, त्याच्याकडे मशीन ठेवू नका.

मशीन दुरुस्तीला देण्याआधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जाऊन रॅम किती, डिस्क कुठली आणि केवढी याचा फोटो काढा. मशीन चालूच होत नसेल तर मूळ बिल शोधा. काही कंपन्यांच्या वेबसाइटवर सिरीयल नंबर टाकला की मूळ कॉन्फिगरेशन कळतं. बिघाड डिस्कचा नसेल तर ती काढून द्यायला सांगा आणि घरी ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ती एका स्क्रूवर असते. हार्डवेअरच्या कामाला तुमचा पिन सहसा लागत नाही, लागलाच तर समोर बसून तुम्ही टाका. आणि भाग बदलला असं सांगितलं, तर जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जो भाग खरोखर निघालाय तो दाखवायला कुणाला अडचण का यावी? बोर्ड दुरुस्त करतो म्हणणाऱ्याला, नेमकं काय जळलं ते मल्टीमीटर लावून दाखव, असं सांगा. काम येणारा आनंदाने दाखवतो.

आणि बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, स्पीड पोस्टाने दुकानदाराला नोटीस पाठवली आणि डिस्क गेल्याबद्दल पोलिसांत लेखी अर्ज देऊन त्याची शिक्क्याची प्रत घेतली. आता जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे जुनं प्रकरण असलं तरी लगेच सोडून देऊ नका. हातात बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपचे निरोप आहेत, ते काहीही झालं तरी पुसू नका. आमचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

तुमचा लॅपटॉप गेल्या वर्ष-दीड वर्षात "बोर्ड बदलून" आला असेल, तर आज एकदा डिस्कची क्षमता आणि चाललेले तास मूळ बिलाशी ताडून पाहा. जुळलं नाही तर आधी पासवर्ड बदला आणि मगच दुकानात जा, तेही एकटे जाऊ नका.