मेमूत आधी काय बसवायचं: वायफाय, पिक्चरचा सर्व्हर की बोलणारा बोर्ड?

नागपूरहून वर्धा, गोंदिया, काटोल-नरखेड असं मेमूने, म्हणजे विजेवरच्या लोकल गाडीने, अपडाऊन करणाऱ्यांत गाडीतल्या सोयींचा विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली, वायफाय द्या. मी नेटवर्किंगच्या कामात आहे आणि गोंदिया लाइनवर बरीच वर्षं अपडाऊन केलंय, म्हणून ज्यांना हे ठरवायचं आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो. पैसे काही सगळ्यासाठी एकदम मिळत नाहीत, तर आधी कशाला लावायचे एवढाच प्रश्न आहे.

खरं इंटरनेट द्यायचं तर छतावर अँटेना लागतो, आत राउटर, त्यात तीन-चार कंपन्यांची सिमं, आणि तो राउटर सगळ्यांचं नेट एकत्र करून डब्यात वाटतो. आता हिशोब करून पहा. समजा चालत्या गाडीत ६० एमबीपीएस मिळाले आणि ३०० जण जोडले, तर एकाच्या वाट्याला ०.२ एमबीपीएस, म्हणजे व्हॉट्सॲपचे मेसेज जातील, फोटो अडकेल, व्हिडिओ कॉलचं तर नावच नको. शिवाय लॉगिनला ओटीपी लागतो, म्हणजे ज्याच्या मोबाइलला रेंज नाही त्याला ओटीपी येणार नाही, आणि ज्याला रेंज आहे त्याच्याकडे बहुतेक वेळा स्वतःचा डेटा पॅक असतोच. स्टेशनवर रेलटेलचं (रेल्वेचीच कंपनी) वायफाय पहिली ३० मिनिटं फुकट मिळतं ते वेगळं, तिथे मागे फायबर आहे, गाडीला मागे फायबर नसते.

एक गोष्ट युरोपातले अहवाल वाचून आपल्याकडे उचलतात तेव्हा सुटते. तिकडे बंद काचांवर धातूचा पातळ थर असतो, सिग्नल आतच येत नाही, म्हणून छतावरच्या अँटेनाचा मोठा फायदा होतो. वंदे भारतसारख्या बंद एसी गाडीला हे थोडंफार लागू पडेल, पण आपल्या मेमूच्या खिडक्या उघड्या, खिडकीजवळच्या माणसाचा मोबाइल आणि छतावरचा अँटेना एकाच टॉवरकडे पाहून राहिलेत, फरक कितीसा पडणार? आणि छतावर काहीही लावायचं म्हणजे वर २५ हजार व्होल्टची तार, तेव्हा अंतर, अर्थिंग आणि आरडीएसओची (रेल्वेची डिझाइन आणि मानकं ठरवणारी संस्था) मंजुरी हे सगळं आलंच.

सॅटेलाइटवाले आता परत येऊन राहिलेत. हावडा राजधानीत सॅटेलाइटवरून वायफाय द्यायचा प्रयोग झाला होता आणि खर्चाच्या मानाने परवडत नाही म्हणून सोडून दिल्याचं रेल्वेमंत्र्यांनी २०२१ मध्ये लोकसभेत सांगितलं. नवे खालच्या कक्षेतले उपग्रह बरेच चांगले आहेत हे मान्य, अमेरिकेत ब्राइटलाइन या रेल्वे कंपनीने २०२३ मध्ये त्यांचं नेट गाड्यांत बसवलं. पण घाटात बोगदा आला की तेही बंदच. आणि २०२१ मध्ये रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झमधला ५ मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम मिळाला, तो गाडी चालवण्याच्या आणि सुरक्षेच्या कामासाठी आहे, प्रवाशांच्या वायफायसाठी नाही, यात बऱ्याच लोकांचा घोळ होतो.

डब्यात सर्व्हर ठेवून पिक्चर-गाणी द्यायचा पर्याय दीड-दोन तासांच्या प्रवासाला मला पटत नाही. लोक येतानाच मोबाइलमध्ये भरून आणतात.

आता बोर्ड आणि अनाउन्समेंट. डिसेंबरमधली रात्रीची गाडी, थंडीमुळे सगळी शटरं खाली, बाहेरचं काही दिसत नाही, आणि शेजारची आजी दर दहा मिनिटांनी पिशवी मांडीवर घेते आणि विचारते, "बाबू, मुंडीकोटा गेलं का रे?" तिला तिरोड्याला उतरायचंय. तिच्याकडे साधा फोन, कुठलंही ॲप तिच्या कामाचं नाही. तिला डब्यात मोठ्या आवाजात मराठीत "पुढचं स्टेशन तिरोडा" एवढंच पाहिजे. यासाठी जीपीएस, एक कंट्रोलर आणि स्टेशनांची यादी पुरते, नेट क्षणोक्षणी लागत नाही, रेंज गेली तरी बोर्ड चालतो. मी तर पहिला पैसा इथेच लावीन.

पण याचं खरं दुखणं सांभाळण्यात आहे. आज वर्ध्याला गेलेला रेक (जोडलेल्या डब्यांचा संच) उद्या गोंदियाला लावला तर यादी बदलावी लागते, ती पेनड्राइव्हने डब्याडब्यात जाऊन बदलायची की एका सिमवरून सगळ्या रेकमध्ये एकदम, हे टेंडरमध्येच लिहा. गाडी उलटी निघाली तर दिशा आपोआप ओळखली पाहिजे. डब्यांमधल्या कपलरची (डबे जोडणाऱ्या सांध्याची) केबल हलून हलून खराब होते, ती कोण पाहणार, किती तासांत? सिमचा रिचार्ज कोणाच्या बजेटमधून? आणि मे महिन्यात नागपूरला ४५-४६ डिग्रीत यार्डात उभ्या डब्याच्या छताखाली काय तापतं ते आठवून ईएन ५०१५५ (रेल्वे डब्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं युरोपियन मानक) मधला ७० डिग्रीपर्यंतचा वर्ग मागा, दुकानातला घरगुती राउटर तिथे उन्हाळाही काढणार नाही.

बोर्ड झाल्यावर पैसे उरले तर एसी गाड्यांत राउटर बसवा. त्याआधी एक काम मात्र करा, तीन कंपन्यांची सिमं टाकलेले तीन मोबाइल घ्या, सोमवारी सकाळच्या गर्दीत इतवारी ते गोंदिया बसा आणि एकदा खिडकीजवळ बसून, एकदा डब्याच्या मधे उभं राहून, कुठल्या दोन स्टेशनांमध्ये नेट जातं ते लिहून काढा.