कूलरच्या बॉडीत टाल्क की कॅल्शियम?

हिंगणा एमआयडीसीतला एक कारखानदार मित्र अडलाय: पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या कूलर-बॉडीत फिलर, म्हणजे प्लास्टिकात मिसळायची खनिजाची पूड, कोणता घालावा: टाल्क की कॅल्शियम, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडीची पूड)? पोत्यावरचं ‘सुपर’, ‘प्रीमियम’ सोडून बोलू.

उन्हाच्या तापात टाल्क सरस. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोह्स मापनात याचा कठीणपणा फक्त 1, नखानंही ओरखडा पडतो. पण कण चपटे, पापुद्र्यासारखे, त्यामुळे प्लास्टिक ताठ होतं. नागपूरच्या 45 अंशांत पाण्यानं भरलेली टाकी फुगायची भीती कमी. कॅल्शियम कार्बोनेटचा कण ओबडधोबड गोलसर, तेवढा ताठपणा देत नाही.

धक्क्यात मात्र उलट. टाल्क जास्त झाला की माल ठिसूळ होतो, आणि चीर बहुधा स्क्रूच्या भोकापासूनच निघते. दर हंगामाला कूलर चढवणारे-उतरवणारे काही फुलासारखा धरत नाहीत!

भावात कॅल्शियम स्वस्त. पण दोन्हींची घनता (ग्रॅम प्रति घनसेंमी) 2.7च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीनची 0.9, म्हणजे त्याच साच्यातला नग जड होणार. हिशोब किलोवर नको, नगावर करा. साच्याची झीज? पोलादापुढे दोन्ही मऊच.

टाकी आणि पंख्याच्या चौकटीला साधारण 20 टक्के टाल्क घ्या. आदळआपट सोसणारी झाकणं, स्टँड आणि स्वस्तातला माल कॅल्शियमवर चालेल.