दुसरी वाहिनी: बीबीसी टू आणि दूरदर्शन

संस्कृतीचे कार्यक्रम करमणुकीसोबत एकाच वाहिनीवर असावेत, की त्यांची वाहिनी वेगळी असावी? २० एप्रिल १९६४ ला ब्रिटनच्या बीबीसीची दुसरी वाहिनी, बीबीसी टू, सुरू व्हायची होती, पण बॅटरसी वीजकेंद्रातल्या आगीने लंडनचा मोठा भाग अंधारात गेला आणि उद्घाटनच फसलं. पुढे १९६५ मध्ये निसर्गपटांसाठी ओळखले जाणारे डेव्हिड अ‍ॅटनबरो वाहिनीप्रमुख झाले. १९६७ ला विम्बल्डनच्या प्रक्षेपणाने तिथे रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, आणि १९६९ ला केनेथ क्लार्क यांची कलेतिहासावरची १३ भागांची मालिका. त्याच वर्षी स्नूकर हा टेबलावरचा खेळही सुरू झाला, कारण रंगीत चेंडू रंगीत पडद्यावरच शोभणार! सगळंच जड नव्हतं, हे मला विशेष आवडतं.

दूरदर्शनची दुसरी वाहिनी १९८४ ला दिल्लीत आली, १९९३ ला उपग्रहाने चार महानगरं जोडून ‘डीडी मेट्रो’ या नावाची झाली. तिचा रोख मात्र करमणुकीवर, कारण समोर खासगी वाहिन्या होत्या. २००३ मध्ये तिच्या जागी डीडी न्यूज आलं. संस्कृतीसाठी २००२ मध्येच डीडी भारती वेगळी काढली होती.

माझं मत बीबीसी टूच्या बाजूने: तिथे स्नूकर पाहायला आलेला प्रेक्षक चित्रकलेपाशीही थबकायचा. डीडी भारतीवर मुळातच शास्त्रीय संगीताचे रसिक जातात.