धक्का, टोचन की फ्लॅटबेड?

गाडी बंद पडली की पहिला सल्ला येतो तो धक्का मारायचा. साताऱ्यात पोवई नाक्यावर तर न बोलावता चार जण हात लावायला येतात, आणि ते खरोखर मदतीच्या भावनेने. पण त्याआधी खाली वाकून बघा: पेडल दोन आहेत की तीन?

तीन असतील, म्हणजे क्लचची गाडी असेल, आणि बॅटरी नुसती उतरलेली असेल, तर धक्का चालतो. किल्ली ऑन, दुसरा गियर, क्लच पूर्ण दाबलेला. गाडीने पळत्या माणसाचा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन पेटताच पुन्हा दाबायचा. पहिल्या गियरमध्ये झटका जोरात बसतो, चाकं जाम होतात आणि सगळा ताण क्लच-गिअरबॉक्सवर येतो. डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नसेल तर मात्र ढकलून उपयोग नाही. फ्युएल पंपाला आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, करंट लागतोच. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर वायर मिळत असेल तर मी क्लचच्या गाडीलाही आधी तीच लावेन, कारण तिचा गिअरबॉक्सशी संबंधच येत नाही. फक्त शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता लांब, इंजिनच्या उघड्या धातूला लावा.

पेडल दोन असतील तर धक्का विसरा. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेलाचा दाब नाही, आणि चाकं ढकलून इंजिन फिरतही नाही. एएमटीत, म्हणजे गियर आपोआप बदलणाऱ्या साध्या गिअरबॉक्समध्ये, क्लच असतो, पण तो आपल्या पायाखाली नसतो.

टोचन करताना हाच पंप आडवा येतो. गेल्या पावसाळ्यात कासहून येताना माझ्या मावसभावाची सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) गाडी बंद पडली. दोरी लावून, न्यूट्रलमध्ये, यवतेश्वर घाट उतरून समर्थ मंदिरापर्यंत आणली. त्या दिवशी सगळ्यांना हायसं वाटलं. पंधरा दिवसांनी गिअरबॉक्स घोंघावू लागला. मेकॅनिकने तेल काढून अंगठ्यावर चोळून दाखवलं: काळं, जळका वास आणि त्यात बारीक चमकी. ती चमकी म्हणजे झिजलेलं लोखंड. तेव्हापासून मी कुणालाही ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढू देत नाही. काही कंपन्या ठरावीक वेग आणि अंतरापर्यंत परवानगी देतात, पण तो आकडा त्याच गाडीच्या पुस्तकात बघायचा, शेजाऱ्याच्या नाही.

क्लचच्या गाडीला टोचन चालतं, पण इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते ती उचललेली बरी. बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची, बोलेरोसारख्यांची मागची. पुढची उचलली तर हँडब्रेक सोडायला विसरू नका. फोर बाय फोर आणि इलेक्ट्रिक गाडी मात्र सरळ फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर.

दोरी सपाट रस्त्यावर, जवळच्या गॅरेजपुरती ठीक. घाटात नको: इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर ते लॉकच होतं.

फ्लॅटबेड महाग पडतो, हे खरं. पण विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर आधी तिथे विचारा. खंबाटकीच्या बाजूला हायवेवर अडकलात तर राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३ लावा. फोनवर गाडीचं मॉडेल सांगताना ऑटोमॅटिक आहे हे स्वतःहून सांगा, नाहीतर दोनच चाकं उचलणारी हूकवाली क्रेन येऊन उभी राहते.